माझ्या पाठीतली रिकामी खाच

मी बोलतोय. टेबलाखाली भिंतीला पाठ लावून उभा असलेला काळा पत्र्याचा डबा, तो मी. लोक वरच्या पडद्यालाच संगणक समजतात. त्याला मऊ फडक्याने पुसतात आणि माझ्यावर पाय ठेवून बसतात. त्याचं मला काही वाटत नाही. सगळं डोकं माझ्या पोटात आहे हे मला ठाऊक आहे, तेवढं पुरे.

पण एक गोष्ट मी फार दिवस गिळून बसलोय. माझ्यापायी या घरातल्या एका माणसावर चोरीचा आळ आला. तो खोटा होता, आणि हे सांगू शकणारा साक्षीदार मी एकटाच होतो. मला तोंड नाही, म्हणून ते राहून गेलं. आज सांगतो.

माझा जन्म एका सरकत्या पट्ट्यावर झाला. दोन्ही बाजूंना माणसं उभी असायची आणि पट्टा पुढे जाईल तसा आमच्या पोटात एकेक अवयव बसवायची. कुणी पंखा बसवला, कुणी मेमरी, कुणी तारा ओढून घेतल्या. एकाकडे ग्राफिक्स कार्डं बसवायचं काम होतं. ग्राफिक्स कार्ड म्हणजे माझ्यासारख्याचा चित्रं काढायचा हात. पत्र लिहायला, हिशोब करायला तो नसला तरी भागतं. घरांचे, इमारतींचे भारी नकाशे रंगवायचे तर त्याच्याशिवाय पान हलत नाही. ऑर्डर देताना माझ्या मालकिणीने तेच कार्ड मुद्दाम निवडलं होतं आणि खोक्यावर त्याचं नाव ठळक छापलेलं होतं.

मी त्या माणसासमोर पोचलो तेव्हा त्याचा ट्रे रिकामा होता. पाळी सुटायची वेळ झाली होती. तो देखरेखवाल्याला म्हणाला, "कार्डं संपलीत."

"येतायत. तू पुढे सरकव, पुढे बसवून घेऊ."

त्याने सरकवलं. पुढे कुणी बसवलं नाही. मला वाटत होतं, आता बसवतील, मग बसवतील. चाचणीच्या टेबलावर मला वीज दिली, तर माझ्यातल्या जुजबी सोयीवरच पडदा उजळला. एवढ्यावर सगळे खूश. शेवटी एक बाई येणाऱ्या प्रत्येक डब्यावर 'सर्व भाग तपासले' अशी चिठ्ठी चिकटवत होती, तिने माझ्यावरही चिकटवली. तिचा राग नाही मला. तिला चिठ्ठ्या चिकटवायला ठेवली होती, बघायला नाही.

मग मला थर्माकोलमध्ये बसवून खोक्यात घातलं आणि डोक्यावर एक पुस्तिका ठेवली. तीन वर्षांची वॉरंटी. मुखपृष्ठावर हसरं कुटुंब आणि खाली लिहिलेलं, 'आम्ही सदैव तुमच्या पाठीशी'. खोक्यातल्या अंधारात मी त्या पुस्तिकेवर विसंबून राहिलो. खाच रिकामी राहिली तर राहिली, कुणीतरी उघडेल, बघेल, कंपनी भरून देईल. त्यासाठीच तर पुस्तिका आहे, असं मी धरून चाललो होतो. माझ्याइतका भोळा डबा त्या गाडीत दुसरा नसेल.

या घरात मला पहिल्यांदा हात लावला तो बाबांनी. बाबांचा सगळा जन्म काचसामानाच्या गोदामात गेला. ते पॅकर. दिव्यांच्या हंड्यांपासून आरशांपर्यंत सगळं त्यांनी खोक्यात भरलं आणि खोक्यातून काढलं. निवृत्त होऊनही हात तसेच होते. त्यांनी मला चारी बाजूंनी टकटक करून पाहिलं, कान लावला, आणि म्हणाले, "पॅकिंग बरं आहे. कोपरे जरा कच्चे ठेवलेत."

त्यांची मुलगी, म्हणजे माझी मालकीण, घाईला आली होती. इमारतींचे नकाशे रंगवून द्यायचं काम तिला एका कार्यालयाने घरबसल्या देऊ केलं होतं. अट एकच होती, यंत्र तिचं हवं आणि दमदार हवं. पहिलं काम वेळेत गेलं तर पुढची कामं कायमची. ती म्हणाली, "बाबा, उघडूया ना."

"आणि ठेवणार कुठे? जमिनीवर?"

"ठेवू की कुठेतरी."

"कुठेतरी म्हणजे कुठे? आधी जागा, मग सामान. जागा तयार नसताना माल बाहेर काढला की फुटलाच म्हणून समज. गोदामात एवढी वर्षं तेच केलं मी."

झालं. बाबांनी स्वतःच्या हाताने टेबल करायला घेतलं. फळ्या आणल्या, रंधा मारला, पॉलिशचा हात दिला, तो वाळेना म्हणून थांबले, मग दुसरा दिला. लेकीसाठी करायचं तर हयगय नको. खोकं तोवर धाकट्याच्या खोलीत, त्याच्या पलंगाशेजारी ठेवलं. धाकटा म्हणजे घरातला मुलगा, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करणारा. तो रोज माझ्यावर शर्ट टाकायचा. एकदाही त्याने चिकटपट्टीला नख लावलं नाही. हे मी सांगतोय, त्याच्या शेजारी झोपलेला मी.

टेबल झालं तेव्हा सगळे जमले. बाबांनी खोकं उलटं केलं, खालच्या बाजूने पातळ पात्याने पट्टी अशी कापली की पुठ्ठ्याचा कागदही सुटला नाही. थर्माकोल, पिशव्या, तारांची वेटोळी, सगळं ओळीने मांडून ठेवलं. आई हसून म्हणाली, "उद्या हेच खोकं दुकानात ठेवलं तर नवं म्हणून खपेल." बाबा या कौतुकाने फुलले.

मुलीने मला चालू केलं, नकाशा उघडला, आणि मी अडखळलो. एक भिंत रंगवायला मला इतका वेळ लागला की आई चहा करून आली तरी भिंत अर्धीच. लाजेने मेल्यासारखं झालं मला. धाकट्याने पडद्यावर दोन-चार ठिकाणी बघितलं आणि म्हणाला, "ताई, यात कार्डच दिसत नाहीये."

तिने कंपनीला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा टेबलावर ठेवला. पलीकडचा माणूस गोड आवाजाचा होता. त्याने सांगितलं, कॅबिनेट उघडा, आत बघा, फोटो पाठवा. धाकट्याने आपला पेचकसांचा संच आणला, माझं एका बाजूचं पत्र्याचं पान काढलं, टॉर्च मारली. माझी खाच सगळ्यांना दिसली. स्वच्छ, कोरी, कधीच काही न बसलेली.

"फोटो मिळाला, मॅडम," पलीकडचा म्हणाला. "पण हे वॉरंटीत येत नाही."

"का नाही? तीन वर्षांची वॉरंटी आहे."

"वॉरंटी बिघाडाची असते. बसवलेला भाग आपोआप खराब झाला तर आम्ही बदलून देतो."

"अहो, भागच नाहीये."

"म्हणजे तो खराब झालेला नाही."

"नसलेला भाग खराब होईल कसा?"

"तेच सांगतोय, मॅडम. सामान कमी आलं तर ती तक्रार वेगळी. खोकं मिळाल्यापासून आठवड्याच्या आत कळवायचं असतं, उघडतानाच्या फोटोंसकट. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर आहे."

"आम्ही खोकं आजच उघडलं."

"कधी उघडलं ते आम्ही धरत नाही. कधी मिळालं ते धरतो. आठवडा गेला की सगळं सामान पोचलं असं समजतात."

बाबा नव्या टेबलाच्या कडेवरून हात फिरवत उभे होते. तो हात थांबला. कुणी त्यांच्याकडे बघितलं नाही, हेच त्यांना जास्त लागलं असावं. मी मात्र पुस्तिकेचा विचार करत होतो. इतके दिवस ती माझ्या डोक्यावर होती आणि शेवटचं पान मलाही कुणी वाचून दाखवलं नव्हतं.

मुलीने फारच गळ घातली तेव्हा तो म्हणाला, यंत्र सेवा केंद्रात पाठवा, तपासून बघतील. बाबांना जरा हुरूप आला. चूक त्यांच्या हातून झाली होती, तर भरपाईही त्यांच्याच हातून व्हावी असं त्यांना वाटलं असणार. त्यांनी मला असं बांधलं की काय सांगू. प्रत्येक पिशवी तिच्या मूळ घडीवर, तारा मूळ वेटोळ्यात, कच्चे कोपरे पुठ्ठ्याने पक्के, पट्टीवर पट्टी इतकी बरोबर की जोड दिसू नये. म्हणाले, "आता बघू दे त्यांना. कसलंही बोट ठेवायला जागा ठेवली नाही मी."

सेवा केंद्रातल्या माणसाने खोकं फिरवून फिरवून बघितलं आणि शेजारच्याला हाक मारली. "हे बघ. काय सफाईने उघडून परत लावलंय. साध्यासुध्या माणसाचं काम नाही." मग माझं पान काढलं. "आणि हे आधीच उघडलेलं आहे. एक ओरखडा नाही कुठे. घरात कुणीतरी जाणकार आहे."

मी आतून नुसता तडफडत होतो. अरे, उघडायला तुमच्याच माणसाने सांगितलं. अरे, त्या खाचेत कधी कार्ड बसलं असतं तर तिथल्या सोनेरी दातांवर घासल्याची खूण नसती का? वाकून बघ एकदा. त्याने बघितलं नाही. पट्ट्यावरच्या माणसांना मी एकवेळ समजून घेतो, त्यांची पाळी संपत होती. हा माणूस नुकताच जेवून आला होता.

मी घरी परत आलो आणि त्याच दिवशी कंपनीचा निकालही मेलवर आला. मुलीने तो मोठ्याने वाचला. मूळ पॅकिंग कौशल्याने उघडून पुन्हा बंद केलेलं आढळलं. कॅबिनेट यापूर्वी उघडलेलं आढळलं. सदर भाग ग्राहकाच्या ताब्यात असताना काढण्यात आला असावा. वॉरंटी लागू नाही.

बाबा कंपनीवर चिडतील, असं मला वाटलं होतं. पण छापील अक्षरावर त्यांचा फार विश्वास. आयुष्यभर त्यांनी 'वरची बाजू' लिहिलेली बाजू वर ठेवली होती. कंपनीने असं लिहून पाठवलं, म्हणजे तिथल्या लोकांनी तपासूनच लिहिलं असणार.

"पॅकिंग माझं," ते सावकाश म्हणाले. "ते मी केलं. पण डबा उघडणारा जाणकार कोण?"

धाकट्याने वर बघितलं. "बाबा, फोनवरच्या माणसाने सांगितलं म्हणून उघडला. तुम्ही समोर होता."

"तेव्हाचं नाही म्हणत मी. खोकं तुझ्या खोलीत होतं."

"मी काढलं असतं तर मीच टॉर्च मारून दाखवलं असतं का?"

"दाखवणारच. कुठे बघायचं ते तुला बरं पहिल्या फटक्यात कळलं."

"अहो, काय बोलताय तुम्ही," आई म्हणाली.

"मागे रेडिओ दुरुस्तीला म्हणून नेला होता याने. आला का परत?"

"शाळेत होतो मी तेव्हा," धाकटा म्हणाला. मग तो बहिणीकडे वळला. "ताई, तुलाही असंच वाटतं?"

मला वाटलं, ही आता बोलेल. धाकटा असून त्यानेच तिला सायकल शिकवली होती, तिच्या परीक्षेला हाच सोबत जायचा, असं त्यांच्या बोलण्यातून मी ऐकलं होतं. ती कपाळ दाबत म्हणाली, "मला काही सुचत नाहीये रे. काम द्यायची तारीख आलीये माझी."

तो मान हलवून बाहेर गेला.

कंपनीने कार्ड नाकारलं ते मी सोसलं असतं. पण कार्ड नाकारताना तिने या घराला एक चोर देऊन टाकला. खाच माझ्यात होती आणि त्या चार ओळींनी ती घरात पाडली.

दोन-तीन दिवसांनी, दुपारी घरात कुणी नसताना, धाकटा माझ्यापाशी येऊन बसला. कागदात गुंडाळलेलं एक कार्ड त्याने बाहेर काढलं. जुनं होतं. कुठल्यातरी बंद पडलेल्या यंत्रातलं, त्याच्या दुकानात पडून असलेलं. पंख्यात परक्या घराची धूळ होती. त्याने ती ब्रशने काढली, शर्टाच्या टोकाने पुसली, आणि माझ्या खाचेत ते हलक्या हाताने बसवलं. जन्मापासून पहिल्यांदाच तिथे काहीतरी टेकलं. "चल रे," तो मला म्हणाला, "ताईचं काम अडकलंय. सांभाळून घे." मला नावाने नाही, पण 'रे' म्हणून हाक मारणारा या घरात तोच एक.

संध्याकाळी बाबांनी बाजूच्या जाळीतून डोकावून बघितलं. "आलं वाटतं परत."

"बाबा, ते मी दुकानातून..."

"राहू दे. कुठून ते मी विचारत नाही. आणून ठेवलंस, विषय संपला." बाबांना वाटलं, आपण मोठ्या मनाने त्याची चूक पोटात घातली. त्यांनी हात पुढे केला. "ते पेचकस तेवढे इकडे दे. या घरात यापुढे तू काही उघडायचं नाही."

धाकट्याने संच बाबांच्या हातात ठेवला. त्यानंतर थोड्याच दिवसांत दुसऱ्या गावी काम मिळालं म्हणून तो निघून गेला. आईने डबा बांधून दिला. बाबा दारापर्यंत आले नाहीत.

आता माझ्या जिवाला सगळ्यांत जास्त लागलेली गोष्ट. मला तोंड नाही असं मी म्हणालो, पण नवा अवयव बसला की मी पडद्यावर एक ओळ लिहू शकतो. तेवढीच माझी वाचा. ते जुनं कार्ड बसलं त्या संध्याकाळी मुलीने मला चालू केलं आणि मी लिहिलं, नवं कार्ड आढळलं. आणि त्याचं नाव लिहिलं. दुसऱ्या कंपनीचं, जुन्या पिढीतलं. तिने मागवलेल्या कार्डाचं नाव तिला तोंडपाठ होतं, कितीतरी दिवस ती तेच घोकत होती. तिने माझी ओळ वाचली. तिचं बोट माऊसवर थांबलं. बाबा बाहेर आईला सांगत होते, "शेवटी आणून दिलं ना पोराने." तिने दाराकडे बघितलं, पडद्यावरच्या तारखेकडे बघितलं, आणि 'ठीक आहे' दाबलं. माझी ओळ पुसली गेली.

काम वेळेत गेलं. तिला कार्यालयाने कायमचं धरलं. आज सांगू, उद्या सांगू असं तिला वाटत असेलही. मी तिच्या मनात शिरू शकत नाही, फक्त तिच्या पायांशी असतो. बाबा तिचे बाबा, धाकटा तिचा भाऊ, आणि माझी साक्ष तिच्याजवळ. तिने ती दाबून टाकली. जिच्यासाठी मी जन्मलो तिच्यावर असं बोलताना मला बरं वाटत नाही, पण खरं ते खरं.

काही आठवड्यांपूर्वी माझी वॉरंटी संपत आली. कंपनीने पडद्यावर हसऱ्या कुटुंबाचं तेच चित्र पाठवलं आणि विचारलं, मुदत वाढवून हवी का? बाबा शेजारीच बसले होते. चित्र बघून म्हणाले, "नको ती भानगड. तेव्हा धाकट्याने परत आणून ठेवलं म्हणून निभावलं."

मुलीने हात मांडीवर घेतले. "बाबा, ते आपलं कार्ड नाही."

"म्हणजे?"

"दुसरंच आहे. जुनं. त्याने त्याच्या दुकानातून आणलं. आपलं कधी आलंच नव्हतं."

"तुला कुणी सांगितलं?"

"पडद्यावर आलं होतं."

"कधी?"

"त्याच संध्याकाळी."

बाबा गुडघे धरत खाली बसले, माझं पान स्वतः काढलं, चष्मा सारखा करून आत बघितलं. कार्डाच्या कडेला धाकट्याच्या दुकानाची छोटी पिवळी चिठ्ठी चिकटवलेली होती. ती इतकी वर्षं तिथेच होती. कुणी वाकून बघितलं असतं तर दिसली असती. बाबांनी तिच्यावरून अंगठा फिरवला.

धाकट्याला फोन लागतो. आईचा तो उचलतो, बाबांचा उचलत नाही. म्हणून बाबांनी कपाटातून पेचकसांचा संच काढला, प्रत्येक पेचकस पुसला, आणि एक खोकं बांधलं. काचेचा आरसा बांधतात तसं बांधलं. पत्ता आईने लिहिला.

खोकं परत आलं. वर शिक्का होता, 'घेण्यास नकार'. एक कोपराही दबलेला नव्हता.

ते आता माझ्याशेजारी टेबलाखाली आहे. मुलगी काल म्हणाली, "बाबा, उघडून पेचकस कपाटात ठेवू का?" बाबा म्हणाले, "नको. आधी तो येऊ दे."

माझी मुदत संपली. आता माझं काही बिघडलं तरी कुणी विचारणार नाही, आणि मलाही त्या पुस्तिकेकडून काही नको. परक्या घरचं ते जुनं कार्ड माझ्या पाठीत इमानाने चालतंय, तेवढ्यावर माझं भागतं.

तुमच्या घरी असं एखादं खोकं आलं तर जागेची वाट बघू नका. लगेच उघडा, सामान तपासा, पुस्तिका शेवटच्या पानापासून वाचा. आणि काही कमी निघालं तर आधी ज्याने भरलं त्याला विचारा. एकमेकांच्या तोंडाकडे बघू नका. माझ्यासारखं यंत्र सगळं पाहत असतं, पण त्याला एकच ओळ लिहिता येते, आणि तीही कुणीतरी वाचून मोठ्याने सांगावी लागते.